येतानाचं वजन

१

दर गुरुवारी सकाळी सर विमानानं बायकोला भेटायला जात आणि संध्याकाळच्या विमानानं परत येत. विमान म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभं राहतं, तसलं हे नव्हतं. नऊ जणांचं, दोन पंख्यांचं, आत शिरताना कमरेत वाकायला लावणारं. एकदा वाकलं की उतरेपर्यंत माणूस वाकलेलाच.

पठारावरचं सरांचं गाव आणि समुद्राकाठचं ते दुसरं गाव. दोन्हीकडे विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक खोली आणि बहुतेक वेळा बिघडलेलं चहाचं यंत्र. रस्त्यानं जायचं तर डोंगरांना वळसे घालत अख्खा दिवस जातो. हवेतून चाळीस मिनिटं. सरांनी हे अंतर स्वतः काढून पाहिलं होतं. जन्मभर पृथ्वी कशी मोजतात हे शिकवलेला माणूस, कंपनीनं छापलेल्या आकड्यावर कसा विसंबणार? त्यांचा आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळेना. मोठ्या उत्साहानं त्यांनी पुन्हा गणित केलं आणि चूक सापडली. ती त्यांचीच होती, साध्या वजाबाकीत.

"हल्ली असंच होतं," ते पुटपुटले.

पुटपुटायची खोड जुनी. आकडे मनात करायचे म्हटले तरी ओठ हलायचेच, आणि ओठ हलले की आवाज निघायचाच. बायको म्हणायची, "अहो, गणित तुमचं आहे ना, मग माझ्या कानात कशाला करता?"

आता ती काही म्हणत नव्हती. मेंदूत रक्तस्राव झाला त्याला तीन महिने होऊन गेले होते. समुद्राकाठच्या त्या रुग्णालयात हातपाय हलवून घेत, बोलायला शिकवत. तिच्यात काहीच हलत नव्हतं. डोळे उघडे असायचे, पण खिडकीच्या काचेतून पाहावं तशी ती माणसातून आरपार पाहायची. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "सर, महिनाअखेरपर्यंत बघू. थोडा जरी प्रतिसाद मिळाला तरी मी त्यांना ठेवून घेईन. नाहीतर दुसरीकडे हलवावं लागेल. तिथे व्यायाम नसतात. तिथे फक्त सांभाळतात."

'फक्त सांभाळतात' हे दोन शब्द सर येताजाता पुटपुटत.

त्या गुरुवारी निघताना ते तिच्या कानाशी वाकले, आणि खोलीत कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "अगं, घरी चल ना आता. मला एकट्याला घर खायला उठतं."

मग लाजले आणि छत्री घेऊन बाहेर पडले.

२

एवढ्याशा विमानात बसण्याआधी प्रत्येकाला पिशवीसकट काट्यावर उभं करतात. पुढे कोणाला बसवायचं, मागे कोणाला, इंधन किती घ्यायचं, हे सगळं वैमानिक त्यावरून ठरवतो. सरांच्या गावी हे काम एक गोल चेहऱ्याची बाई करायची. ती खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या कॅप्टनला प्रत्येकाचं वजन अशा खणखणीत आवाजात सांगायची, की जाड बायका हल्ली रस्त्यानंच जातात असं लोक म्हणत.

"सर, एकसष्ट!" त्या सकाळी ती ओरडली होती. मग आवाज उतरवून म्हणाली, "वाळत चाललात हो. घरी सांगायला हवं कोणाला तरी." आणि लगेच तिनं जीभ चावली.

पलीकडच्या विमानतळावर काट्यापाशी एक मिशीवाला असायचा. संध्याकाळी त्यानं आकडा पाहिला आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"चौसष्ट. एका दिवसात तीन किलो! समुद्राची हवा मानवली म्हणायची."

"सकाळी एकसष्ट होतं," सर म्हणाले.

"जेवलात काय?"

"एक टोस्ट."

"मग टोस्ट जबर होता."

सर विमानात बसले. समुद्रकाठी पृथ्वीची ओढ पठारापेक्षा किंचित जास्त असते, हे त्यांनी कित्येक वर्षं फळ्यावर लिहून दाखवलं होतं. पण तो फरक चमचाभर साखरेइतका. तीन किलोंचा नव्हे. काटा बिघडला असणार. नाहीतर आपलंच ऐकण्यात काही चुकलं असणार.

परतीचा वारा पाठीवर होता. तरी विमान उशिरा पोहोचलं. फार नाही, पण दर खेपेला खिडकीखाली दिसणारी ती वाकडी नदी यायला हवी तेव्हा आली नाही, आणि सरांचे ओठ हलू लागले.

३

सरांच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, एक कायमचं टेंगूळ होतं. लग्नाची कमाई, असं ते सांगत. बायको स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं कधीच लावायची नाही. साखर काढली, दार उघडं. कप काढला, दार उघडं. आणि सर विचारांच्या तंद्रीत यायचे आणि धाडकन आपटायचे. "दार लावायला हात दुखतात का?" "बघून चालायला डोळे दुखतात का?" उभा संसार या दोन वाक्यांवर झाला होता.

ती रुग्णालयात गेल्यापासून सगळी दारं बंद होती. लावणारा माणूस घरात उरला होता, उघडणारं माणूस गेलं होतं.

शुक्रवारी सकाळी सर चहा करायला गेले आणि कपाळावर दार बसलं.

ते कपाळ धरून तसेच उभे राहिले. साखरेच्या कपाटाचं दार, पार सताड. काल रात्री आपण साखर काढली? काढलीही असेल. लावलं नसेल. ज्या माणसाला वजाबाकी जमत नाही, त्याला दार लावल्याचं आठवेल कशावरून? त्यांनी दार लावलं. बोटानं दाबून, लागलंय ना हे पाहिलं.

दुपारी दुसरं दार उघडं होतं. कपांचं.

आणि संध्याकाळी, ते आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले असताना, आतल्या खोलीतून चट्-फट्, चट्-फट् असा आवाज आला आणि थांबला. बायकोच्या डाव्या सपातेचा पट्टा सैल होता. नव्या सपाता आणायला ती तयार नव्हती. सपाता कुठे होत्या? रुग्णालयात, पलंगाखाली. सरांनी स्वतः ठेवल्या होत्या.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. उठून बघायला हवं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. नंतर असंही सांगितलं की पाइपांत हवा अडकली की आवाज होतात. दोन्ही गोष्टी पटल्या, आणि ते उठले नाहीत.

४

पुढच्या गुरुवारी त्यांनी काटा तपासायचं ठरवलं. शास्त्राचा माणूस शेवटी. दोन्हीकडे आधी नुसती पिशवी ठेवायची, मग नुसतं आपण उभं राहायचं. गोल चेहऱ्याची बाई म्हणाली, "सर, तुमची परीक्षा की माझी?" पण तिनं करू दिलं.

पिशवीचं वजन दोन्हीकडे सारखं भरलं. सकाळी सर पिशवीसकट एकसष्टच होते. संध्याकाळी पासष्ट.

मिशीवाला या खेपेला हसला नाही. त्यानं काट्याच्या चहूबाजूंनी पाहिलं, सरांच्या पायांकडे पाहिलं, सरांच्या मागे पाहिलं. "कोणी पाय ठेवला होता का?" त्यानं विचारलं. मागे कोणीच नव्हतं.

कॅप्टन म्हणजे चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. उतरल्यावर तो सरांच्या शेजारी थांबला आणि कपाळ पुसत म्हणाला, "वारा पाठीवर होता, सर. तरी चढता चढेना. असं वाटलं की कोणीतरी..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"चार किलोंनी विमानाला काय होतं?" सर म्हणाले.

"काहीच नाही," कॅप्टन म्हणाला. "तेच तर."

घरी आल्यावर सरांनी कुलूप काढलं आणि उंबऱ्यातच क्षणभर थांबले. आपण दार जरा जास्तच उघडं धरून उभे आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं. एका माणसाला लागतं त्याहून जास्त. त्यांनी घाईनं आत होऊन दार लावलं.

त्या आठवड्यात सपाता रोज वाजल्या. गोष्ट सांगायला शरमेची आहे, पण सरांना बरं वाटू लागलं. भीती होती. पण भीती वाटायलाही घरात कोणीतरी असावं लागतं, आणि तीन महिने तेवढंही नव्हतं. ते दोन कप चहा करू लागले. वर्तमानपत्रातली बातमी मोठ्यानं वाचू लागले. एकदा तर कपाळावर दार बसल्याबरोबर तोंडातून निघून गेलं, "हात दुखतात का?" आणि नंतरच्या शांततेत कोणीतरी उत्तर तोंडाशी आणून थांबल्यासारखं वाटलं.

रविवारी परदेशातून लेकीचा फोन आला.

"बाबा, जेवता ना वेळेवर?"

"जेवतो गं."

"आवाज बरा वाटतोय तुमचा. कोणी आलंय का घरी?"

"छे. कोण येणार?"

"मग मागे चालतंय कोण?"

सरांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"बाबा, सपाता वाजतायत. आईसारख्या." लेकीचा आवाज बारीक झाला. "ऐका ना. आत्ता थांबल्या. तुमच्या जवळच."

"खिडकी आहे," सर म्हणाले. "खिडकीची कडी सैल झालीय."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ मान न वळवता बसून राहिले. आता 'आपलं डोकं चालत नाही' हा आधारही गेला होता.

५

तिसऱ्या गुरुवारी परिचारिकेनं त्यांना दारातच गाठलं. ठेंगणी, चटपटीत मुलगी, सगळ्या म्हाताऱ्यांना हक्कानं रागावणारी.

"आजोबा, आजी फार उतरल्यात. नळीतून सगळं व्यवस्थित जातंय, तपासण्या ठीक आहेत, आणि वजन मात्र दर आठवड्याला खाली. डॉक्टरांना कळेना झालंय."

"किती?" सरांनी विचारलं. आपण का विचारतोय हे त्यांना कळत होतं.

"गेल्या गुरुवारनंतर चार किलो. त्याच्या आधीच्या आठवड्यात तीन."

सर खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. बायको पांढऱ्या चादरीत पडली होती. चादर जिथे उंच असायला हवी होती तिथे सपाट दिसत होती. उशाशी लहानसं कपाट, त्याचं दार घट्ट लावलेलं. पलंगाखाली सपाता, कोणी न घातलेल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला. रिकामा मोजा उचलावा तसा तो वर आला.

तीन आणि चार. ओठ हलत होते, पण बेरजेला ओठांची गरज नव्हती.

ती घरी येत होती. बोलावलं म्हणून. थोडी थोडी करून, दर गुरुवारी, त्यांच्याबरोबर. अख्ख्या जन्मात कधी त्यांचं ऐकलं नाही तिनं आणि आता ऐकत होती.

आणि मग सरांच्या मनात आलं ते असं: महिनाअखेर जवळच आहे. येऊ दे की. घर भरेल. सपाता वाजतील, दारं उघडतील, दोन कप चहा होईल. इथे काय आहे तिचं? त्यांनी हा विचार पूर्ण होऊ दिला आणि पूर्ण झाल्यावर त्यांना घाम फुटला. कारण दोन कप चहा होत होता खरा, पण दुसरा कप रोज संध्याकाळी ते मोरीत ओतत होते, काठोकाठ भरलेला.

त्या दिवशी निघताना ते तिच्या कानाशी वाकले नाहीत. एक शब्द बोलले नाहीत. तरी पलीकडच्या काट्यावर मिशीवाल्यानं आकडा सांगितला नाही, नुसता बोटानं दाखवला. सहासष्ट. विमान इतक्या उशिरा पोहोचलं की पठारावर दिवे लागले होते.

६

आठवडाभर सरांनी एकच गोष्ट घोकली. येताना ती बरोबर येते. मग जाताना का जात नाही? सकाळचं वजन नेहमी एकसष्टच का?

उत्तर बुधवारी, चावी शोधताना सापडलं, आणि इतकं सोपं होतं की त्यांनी कपाळावर हात मारला, नेमका टेंगळावर. ते दर गुरुवारी गुपचूप उठत, पिशवी घेत, आणि बाहेरून कुलूप लावून जात. तिला आत कोंडून. आणि बायकोची तर रीतच होती: तिला बाहेर काढायचं तर दारात उभं राहून हाका माराव्या लागायच्या. पहिल्या हाकेला 'आले', दुसरीला 'आलेच', आणि तिसरी रागावून मारली की मग ती पदर सावरत यायची.

गुरुवारी सकाळी सर कोट घालून दारात उभे राहिले. दार सताड उघडलं.

"अगं, चल. निघायचंय."

घर गप्प. समोरच्या बंगल्यातला शेजारी झाडांना पाणी घालत होता. त्यानं वर पाहिलं.

"चल लवकर. विमान कोणासाठी थांबत नाही."

स्वयंपाकघरात एक दार कुरकुरलं. पळून जावं, कुलूप ठोकावं, परत कधी येऊच नये, असं वाटलं. त्यांनी चौकट धरली.

"दर वेळी हेच!" ते खरोखरच ओरडले, आणि डोळ्यांतून पाणी आलं. "दर वेळी मीच दारात ताटकळायचं! चल म्हटलं ना!"

चट्-फट्. चट्-फट्. आतून, मग बैठकीतून, मग त्यांच्या अगदी कोपराजवळून. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. कोटाच्या बाहीला काहीतरी घासून गेलं. मग त्यांनी दार लावलं, कुलूप घातलं, आणि शेजाऱ्याला म्हणाले, "बायकांचं हे असंच."

शेजाऱ्याच्या हातातली झारी तशीच ओतत राहिली.

विमानतळावर त्यांनी दोन तिकिटं मागितली.

"दुसरं कोण, सर?" गोल चेहऱ्याच्या बाईनं विचारलं.

"मिसेस."

बाईला सगळं ठाऊक होतं. मिसेस कुठे आहेत, कशा आहेत. तिनं तोंड उघडलं, मग सरांचा चेहरा पाहिला आणि मिटलं. सर काट्यावर चढले. त्र्याहत्तर. तिनं काटा बंद करून पुन्हा चालू केला. त्र्याहत्तर. तिच्या दंडावर काटा उभा राहिलेला सरांना दिसला. तरी ती खिडकीशी गेली, आणि नेहमीच्याच खणखणीत आवाजात, फक्त शेवटी किंचित चिरकत, तिनं सांगितलं:

"कॅप्टन, दोघं जण आहेत. शेजारी शेजारी बसवा."

७

सरांनी तिला खिडकीची जागा दिली. रिकाम्या आसनाचा पट्टा त्यांनी स्वतः लावला, कारण मोकळा पट्टा कॅप्टनला चालत नाही. लावताना पट्टा सपाट होता.

विमान धावत राहिलं. धावपट्टी संपायला आली तेव्हा कुठे ते उठलं, तेही नाइलाजानं उठल्यासारखं. पुढे कॅप्टनची मान ताठ दिसत होती. चाळीस मिनिटं गेली, आणि समुद्राचा पत्ता नव्हता. वाकडी नदी खाली होती, आणि कितीतरी वेळ खालीच होती. दोन गावांमधलं अंतर सरांनी स्वतः मोजलेलं होतं. ते वाढणं शक्य नव्हतं.

डोंगरांवर विमान हादरलं. बायकोला विमानाची भीती. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासापासून, हादरा बसला की ती त्यांची बाही पकडायची, हात नाही. हात धरला तर भीती कबूल केल्यासारखं होतं म्हणे.

सरांनी आपल्या डाव्या बाहीकडे पाहिलं. कापड चार ठिकाणी आत दबलं होतं, आणि दबत चाललं होतं.

बघायचं नाही, असं ठरवलं होतं त्यांनी. तरी नजर गेलीच, पूर्ण नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून. आसनावर कोणी नव्हतं. पण पट्टा आता सपाट नव्हता. तो काहीतरी वेढून गोल उभा होता, आणि सावकाश वर येत होता, सावकाश खाली जात होता.

सर समोर बघत म्हणाले, "आलंच हं. झालंच." आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, आकडे पुटपुटू लागले. वेग, उंची, उरलेलं अंतर. गणित चुकत होतं, ते पुन्हा पहिल्यापासून धरत होते. बाहीवरची पकड हळूहळू सैल झाली. आणि निळी रेघ दिसली.

टॅक्सीचं दार त्यांनी इतका वेळ धरून ठेवलं की ड्रायव्हर म्हणाला, "काका, बसा की. वऱ्हाड यायचंय का अजून?"

रुग्णालयाच्या खोलीशी मात्र त्यांचे पाय थबकले. ते दारातून बाजूला झाले, पाहुण्याला वाट देतात तसे. चट्-फट् त्यांच्या पुढून आत गेलं. चार पावलं. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. सर बाहेरच्या भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांच्या मनात एकच होतं: आपण तिला आणलं की घालवलं?

आतून कट्ट असा आवाज आला.

ते आत गेले. उशालगतच्या कपाटाचं दार सताड उघडं होतं. चादरीवरचा एक हात त्या दिशेनं पडला होता, आणि डोळे, ते डोळे त्यांच्यातून आरपार जात नव्हते. त्यांच्यावर येऊन थांबले होते. ओठांचा एक कोपरा वाकडा झाला, थरथरला.

"किती... वेळ," ती म्हणाली.

सर पलंगाच्या कडेवर बसले. "वारा समोरून होता," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे जशी बघत होती, त्यावरून तिला हे पटलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई धावत आल्या तेव्हा सर कपाटाचं दार लावायला उठले होते, आणि हात लावून परत बसले होते.

८

संध्याकाळी मिशीवाल्यानं घाबरत घाबरत काट्याकडे पाहिलं.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला. "अहो, हे कमी आहे. काही राहिलं का तिकडे तुमचं?"

सरांनी पिशवी पाहिली. छत्री, मफलर, चष्मा. सगळं होतं.

विमान पानासारखं उचललं गेलं. समोरून वारा होता, तरी ते वेळेच्या आधी पठारावर पोहोचलं, आणि खिडकीत उभी असलेली गोल चेहऱ्याची बाई काही न विचारता नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. सर हसले, तेव्हा ती रडायला लागली.

घरात सगळी दारं बंद होती. सकाळीही बंद होती. सपाता वाजल्या नाहीत. सरांनी एकच कप चहा केला आणि फोनची घंटा वाजली.

"आजोबा," ती ठेंगणी परिचारिका होती, "आजींनी पेज घेतली, चमच्यानं! डॉक्टर म्हणाल्या, आता कुठेही हलवायचं नाही. फक्त एक तक्रार आहे त्यांची."

"तक्रार?"

"म्हणतात, खुर्चीत बसून कोणीतरी सारखं आकडे पुटपुटतंय. झोपू देत नाही म्हणे. मी म्हटलं, आजी, खुर्ची रिकामी आहे. तर माझ्यावरच डोळे वटारले." ती हसत होती, पण हसणं जरा लांबलं. "आजोबा, ती खुर्ची बाहेर काढून ठेवू का?"

तीन किलो. सरांनी रिकाम्या स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग उठून साखरेचं कपाट उघडलं, आणि दार तसंच सोडलं.

"नको," ते म्हणाले. "राहू दे तिथेच. तिला म्हणावं, मी गुरुवारी येऊन गप्प करतो त्याला."